एक वाजता परत

बुधवार, १८ जुलै २००७. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. आठल्यांनी आमच्या खोलीच्या दारावर काठीच्या मुठीने तीन टोले दिले. त्या आठवड्यातील ती चौथी सकाळ होती आणि चारही सकाळी टोले याच मिनिटाला पडले होते.

मी दार उघडले. माझ्या उजव्या कानाकडे पाहत ते म्हणाले, "डॉक्टर, ऊन आहे. पण वर वारा असेल. जाड मोजे घाला."

"आज," मी म्हणालो.

"आज," ते म्हणाले आणि पुढच्या दाराकडे वळले.

आदल्या संध्याकाळी मी त्यांना सांगितले होते, की उद्या तुम्ही सर्वांना सांगितले नाहीत, तर मी सांगेन. सांगायचे होते ते एवढेच, की आम्हा अकराजणांना डोंगरावर नेणाऱ्या माणसाला वाटेवरच्या पाट्या वाचता येत नव्हत्या.

आठल्ये २००९ मध्ये लंडनच्या हॅरो भागात वारले. त्यांच्याविषयी लिहावे असे मला अनेकांनी सुचवले. मी भूलतज्ज्ञ होतो, लेखक नव्हे. शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या उशाशी बसून लक्ष ठेवणे हे माझे काम. तेच येथे करीत आहे.

ते मूळचे रत्नागिरीकडचे. ब्रिस्टलला विमानांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तीस वर्षे तपासनीस होते. समोर आलेला भाग मोजायचा, मापात असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर त्याला लाल चिठ्ठी बांधून बाजूला ठेवायचा, एवढेच काम. "मी काहीही बनवलं नाही. नको ते बाजूला काढलं," असे ते सांगत. निवृत्तीनंतर पत्नी गेली आणि ते मुलीच्या घराजवळ, हॅरोत, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. दर रविवारी मेट्रोपॉलिटन लाइनच्या रेल्वेने शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचे आणि तिथल्या टेकड्यांवर चालायचे हा क्रम त्यांनी सुरू केला. हळूहळू हॅरो आणि वॉटफर्डकडची मराठी मंडळी त्यांच्यामागे जाऊ लागली. त्यांनी कोणाला बोलावले नव्हते. आलेल्यांना मात्र ते तपासत.

मला त्यांनी पहिल्या दिवशीच नापास केले. २००१ चा ऑक्टोबर होता. मी नुकताच हॉस्पिटलातून निवृत्त झालो होतो आणि माझी पत्नी निर्मला हिने मला घराबाहेर काढले होते. स्टेशनाबाहेर पंधराएक माणसे उभी होती. त्यांच्यापुढे एक बारीक, उंच, पांढऱ्या मिशांचा मनुष्य. बरोबर आलेल्या निर्मलेने मी डॉक्टर असल्याचे सांगितले, पण त्याने माझ्याकडे नव्हे, माझ्या बुटांकडे पाहिले.

"हे ऑफिसचे बूट आहेत," तो म्हणाला.

"चांगले आहेत," मी म्हणालो.

"ऑफिसला चांगले आहेत. डॉक्टर, घरी जा."

मी वॉटफर्डहून तासभर प्रवास करून आलो होतो. मी गेलो. निर्मला मात्र तिचे बूट योग्य असल्यामुळे थांबली आणि संध्याकाळी फार आनंदात परतली. पुढच्या रविवारी मी नवे बूट घालून गेलो. त्यांनी ते वाकून पाहिले, अंगठ्याने टाच दाबली आणि सर्वांना म्हणाले, "आज तीनच मैल. डॉक्टरांचे बूट नवे आहेत." माझ्या टाचांसाठी पंधरा माणसे तीन मैल चालली. त्यानंतर आठ वर्षे मी त्यांना सोडले नाही.

२००२ पासून जुलैचा एक आठवडा स्वित्झर्लंडमध्ये जाऊ लागला. गाव लहान होते. हिवाळ्यात तिथे बर्फावर घसरायला येणाऱ्यांची गर्दी असे. उन्हाळ्यात गायींच्या घंटा आणि आमच्यासारखे चालणारे. उतरायचो ते एका विधवा बाईंच्या लाकडी घरात. खोल्या सहा, म्हणून माणसे बारा. तेराव्याला कितीही आग्रह झाला तरी प्रवेश नसे.

पहिल्याच संध्याकाळी फोडणीवरून तंटा झाला. मोहरी तडतडली, हिंगाचा वास तीन मजले चढला आणि घरमालकीणबाई खिडक्या उघडत खाली आल्या. त्या काय बोलल्या ते कोणाला कळले नाही, पण अर्थ कळला. आठल्यांनी एक कागद घेतला, त्यावर घराचा नकाशा काढला आणि मागच्या व्हरांड्यावर फुली मारली. बाजूला लिहिले, पाच ते साडेपाच. बाईंनी तो कागद वाचला, स्वयंपाकघराच्या भिंतीवर टाचला आणि पुढची सर्व वर्षे तो तिथे होता. पाच एकतीसला फोडणी झालेली मी कधी पाहिली नाही. तिसऱ्या वर्षी बाईंनी खुणेने हिंगाची डबी मागितली. त्यांच्या गायीचे पोट फुगले होते. ती बरी झाली असे ऐकले. कशाने, ते मी सांगू शकत नाही.

त्यांचे नियम थोडे होते. पहिला मोजणीचा. चालताना प्रत्येकाला आपला क्रमांक. पुढे आठल्ये, ते एक. प्रत्येक फाटकाशी, ओढ्याशी, वळणाशी ते थांबत आणि "एक" म्हणत. मग मागे दोन, तीन करीत बारापर्यंत आकडे जात. आकडे मराठीतच. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मुलांना सात-आठच्या पुढे अडखळायला होई. तरी मोजणी इंग्रजीत झाली नाही.

दुसरा नियम वेळेचा. त्या देशात वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर लिहिलेले नसते, चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो. "ही वेळ त्यांच्या गुडघ्यांची," आठल्ये म्हणत. "त्यात चहा नाही, फोटो नाहीत आणि आपली माणसं नाहीत. आपली दीडपट." पाटीवर दोन तास असले की आम्ही तीन धरायचे. हा हिशेब कधी दहा मिनिटांपलीकडे चुकला नाही.

तिसरा नियम पुडीचा. अकरा वाजता प्रत्येकाला गूळ आणि भाजलेले शेंगदाणे यांची एक पुडी. आदल्या संध्याकाळी ते स्वतः बांधत. कागद खिशात घालून परत आणायचा. तो न दिसल्यास दुसऱ्या दिवशी पुडी नाही.

आणि चौथा एक वाजताचा. दुपारी एक वाजला, की जिथे असू तिथून परत फिरायचे.

या चौथ्या नियमापायी निर्मलेचे आणि त्यांचे मोठे भांडण झाले. २००४ ची गोष्ट. हिमनदी दिसेल अशा एका खिंडीकडे आम्ही निघालो होतो. तिच्या मनात ती हिमनदी वर्षभर होती. वाटेत एकाच्या पायात गोळा आला, अर्धा तास गेला. खिंड समोर दिसू लागली, पंधरा मिनिटांवर. आठल्यांनी घड्याळ पाहिले.

"एक वाजला."

"आठल्ये, ती बघा खिंड," निर्मला म्हणाली. "हात लांब केला तर लागेल."

"वहिनी, हात लांब करा. पाय परत."

"आकाशात ढग नाही हो!"

"दिसतंय."

"मग कसली भीती?"

"भीती नाही. एक वाजला."

आम्ही फिरलो. येथे वाचकाला वाटेल, की मग वादळ आले आणि आठल्यांचे म्हणणे खरे ठरले. तसे काही झाले नाही. संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन होते. आमच्याच वाटेने एक जर्मन आजी तिच्या कुत्र्यासह खिंडीपर्यंत जाऊन आली आणि आमच्याकडे पाहून हसली. निर्मला दोन दिवस आठल्यांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमच्या घड्याळाला एकदा डोंगर दाखवायला हवा."

"वहिनी," ते शांतपणे म्हणाले, "भाग मापात नव्हता आणि विमान तरी उडालं, असंही होतं. म्हणून मी माप बदलत नसे."

असा हा मनुष्य. आता २००६.

त्या वर्षी केतकी आणि निखिल यांच्याबरोबर निखिलची आई विमलबाई होत्या. ही दोघे नवरा-बायको, पुण्याची, लंडनला एका बँकेत संगणकाचे काम करणारी, हॅरोत राहणारी. केतकी तिशीची, बोलकी, आठल्यांची लाडकी. आई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आली होती. वय चौसष्ट. चालायची सवय चांगली.

सोमवार होता. केबल कारने वर जायचे, माथ्यावरून फिरून शेवटच्या केबल कारने खाली यायचे. सकाळी वरच्या स्टेशनावर आठल्ये वेळापत्रकाच्या फलकासमोर उभे राहिले. हात पाठीमागे, मान किंचित तिरपी. मग वळून म्हणाले, "शेवटची साडेपाचला. आपण सव्वापाचला इथे."

आम्ही बाकीचे अकराजण त्याच फलकासमोर उभे होतो. दोन डॉक्टर, चार इंजिनिअर, एक हिशेब तपासनीस. एकानेही मान वर केली नाही. आठल्यांनी वाचले होते. मग आपण कशाला वाचायचे?

सव्वापाचला दोन मिनिटे कमी असताना पोहोचलो. स्टेशनाचे लोखंडी दार बंद होते. त्या उन्हाळ्यापासून शेवटची केबल कार पाचला सुटत होती.

"वेळ बदलली," आठल्ये म्हणाले. एवढेच.

पायी उतरण्याची वाट पाटीप्रमाणे एक तास पन्नास मिनिटांची. आमची पावणेतीन तासांची. प्रकाश भरपूर होता, पण आदल्या दिवशीच्या पावसाने जंगलातली वाट निसरडी झाली होती. शेवटच्या टप्प्यात विमलबाईंचा पाय एका मुळावरून सटकला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. मी तपासले. अस्थिबंध फाटला होता. निखिल आणि आणखी एक गृहस्थ यांनी त्यांना खाली आणले. आठल्ये पुढे चालत होते. प्रत्येक वळणावर मोजणी मात्र झाली. विमलबाईंनी त्याही अवस्थेत आपला क्रमांक सांगितला.

रात्रीच्या जेवणाला निखिल पुटपुटला, "बोर्ड बघायला नको का?"

केतकी उसळली. "काकांना का बोलतोस? टाइम बदलला, त्याला काका काय करणार? आणि तू पण तिथेच होतास ना? तू बघितलास बोर्ड?"

आठल्ये पानातली पोळी बोटांनी चाचपून तुकडे करीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलबाईंसाठी औषध आणण्याच्या निमित्ताने मी एकटा वर जाऊन तो फलक पाहून आलो. जुन्या वेळेवर लाल पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर नवी वेळ तळहाताएवढ्या आकड्यांत होती. आठल्ये तिच्यापासून दोन पावलांवर उभे होते.

फलकासमोर उभा असताना मला बाकीच्या गोष्टी आठवल्या. बोलताना ते चेहऱ्याकडे न पाहता कानाकडे पाहत. कपात चहा ओतताना कडेवर बोट ठेवत. आणि रोजच्या वाटांच्या नोंदींची त्यांची टिपणवही त्या वर्षी त्यांनी माझ्या हाती दिली होती. "डॉक्टर, तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलं." माझे अक्षर कोणत्याही औषधांच्या दुकानदाराला विचारावे.

मी खाली आलो आणि कोणाशी काही बोललो नाही. उरलेले चार दिवस आम्ही त्यांच्यामागे चाललो. हे मैत्रीखातर केले असे म्हणणे सोपे आहे. ते खरे नाही. आठल्ये नसते तर जुलै नसता आणि मला जुलै हवा होता.

विमलबाई उरलेला उन्हाळा हॅरोच्या फ्लॅटमध्ये पाय उशीवर ठेवून बसल्या आणि विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून पुण्याला परत गेल्या.

फेब्रुवारीत मी आठल्यांकडे गेलो. बसस्टॉपवर ते भेटले. लांबून बस येताना दिसली, तसे ते म्हणाले, "ही कुठली, डॉक्टर?" मी नंबर सांगितला. घरी त्यांनी चहा केला. कडेवर बोट.

मी विचारले, "केव्हापासून?"

त्यांनी नाटक केले नाही. "मागच्या वसंतापासून. दोन्ही डोळे. मधलं गेलं, कडा आहेत. वाट दिसते, पाटी दिसत नाही. माणूस दिसतो, तोंड दिसत नाही."

"तपासलंत?"

"तपासलं. सुधारणार नाही म्हणाले."

"त्या दिवशी फलक?"

"दिसला नाही. चार वर्षं साडेपाचच होती. तेच म्हणालो."

मी म्हणालो, "आठल्ये, असा भाग तुमच्यासमोर आला असता तर?"

त्यांनी कप खाली ठेवला. "लाल चिठ्ठी."

"मग बांधा."

खिडकीबाहेर कौन्सिलची गाडी कचऱ्याचे डबे उचलत होती. ती गल्लीच्या टोकाला गेली.

"बांधीन," ते म्हणाले. "पण इथे स्वयंपाकघरात, तुमच्या एकट्यासमोर नाही. त्यांच्यासमोर बांधीन. डोंगरावर. मला हा एक जुलै द्या."

हे चूक होते. मी ते मान्य केले. अट घातली, की मी दुसऱ्या क्रमांकावर चालेन आणि प्रत्येक पाटी त्यांना हळू आवाजात वाचून दाखवीन. त्यांनी हात पुढे केला. तो माझ्या हाताच्या थोडा डावीकडे आला होता.

जुलै आला. रविवारी ते बोलले नाहीत. सोमवारी नाहीत. मंगळवारीही नाहीत. मी पाट्या वाचत होतो, ते "हं" म्हणत होते आणि मागून केतकी म्हणत होती, "हे दोघं आजोबा सारखं काय कुजबुजतात? वहिनींची चुगली चाललीय वाटतं." मंगळवारी संध्याकाळी मी त्यांना शेवटचे सांगितले.

बुधवारी आम्ही एका तळ्याकडे निघालो. कुरणे, मग पाइनचे जंगल, मग दगडांची उघडी वाट. अकराला ओढ्याकाठच्या बाकांशी थांबलो. मोजणी झाली. पुड्या वाटल्या गेल्या. ओढ्यापलीकडे वाट दुभंगत होती आणि तिथे पिवळ्या पाट्यांचा खांब होता. दरड कोसळल्यामुळे नेहमीची वाट बंद केली होती. खाली नवी पाटी लावलेली होती. मी ती लांबून वाचली. आठल्यांना सांगण्यासाठी तोंड उघडले, तेव्हा ते उभे राहिलेले होते.

"सगळ्यांनी ऐका," ते म्हणाले. "त्या खांबावर काय लिहिलंय ते मला दिसत नाही. इथून नाही आणि जवळूनही नाही. गेल्या वर्षीही दिसत नव्हतं. केबल कारची वेळ मी वाचली नव्हती. पाठ होती ती सांगितली. विमलबाईंचा पाय त्यामुळे गेला. मी हे तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही मला पुढे चालू दिलं नसतं."

शेंगदाणे चावण्याचे आवाज थांबले.

"काका, सिरियसली?" केतकी म्हणाली. "मी तुमच्यासाठी निखिलशी भांडले. आठवडाभर."

"ऐकलं होतं मी."

"आणि तुम्ही जेवत बसलात?"

"हो."

निखिल उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "आई अजून जिना चढत नाही, काका. पुण्याला लिफ्ट नाहीये आमच्याकडे. तिसरा मजला आहे."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"दर महिन्याला मी त्यांना फोन करतो. मार्चमध्ये हे सगळं सांगितलं."

"आईला माहीत आहे?"

"हो. त्या म्हणाल्या, मुलांना तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून जाणार नाही. आणि फोन ठेवला. पुढच्या महिन्यात उचलला."

निखिल ओढ्याकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

कोणीतरी विचारले, की हे आणखी कोणाला माहीत होते का? आठल्ये ताबडतोब म्हणाले, "कोणालाही नाही."

ते वाक्य खोटे होते. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. गेल्या वर्षी त्या आठवड्यातच मला कळले होते आणि त्यानंतर चार दिवस बाकीची माणसे मी त्यांच्यामागे चालू दिली होती. मी ते वाक्य दुरुस्त केले नाही. आज करतो.

आठल्यांनी गळ्यातली शिटी काढली आणि केतकीच्या आवाजाच्या दिशेने धरली.

"मला नको," ती म्हणाली. "मी चिडलेय तुमच्यावर."

"चीड. पण पाटी वाच."

"काका, मी काय बोलतेय?"

"ऐकलं. पाटी वाच."

ती ओढा ओलांडून खांबापाशी गेली. कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग ओरडली, "नेहमीची वाट बंद आहे. नवीन वाट उजवीकडून. तळं, दोन तास दहा मिनिटं."

"आपले किती?"

"सव्वातीन तास."

"आता वाजले किती?"

"अकरा वीस."

"मग?"

तिने बोटांवर मोजले. "मग तळं होत नाही. एक वाजेपर्यंत जाऊ आणि परत फिरू."

"शिटी घे," आठल्ये म्हणाले.

ती परत आली आणि तिने शिटी घेतली. घेतली म्हणण्यापेक्षा हिसकावली. मग ओढ्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. आठल्ये बाकापाशीच थांबले. एकेकजण पुढे गेला. मी त्यांच्यापुढे राहिलो. ओढ्यात पाय ठेवायचे दगड मांडलेले होते आणि त्यांच्यावरून पाणी वाहत होते. निखिल मध्यावर उभा होता. तो मागे दोन दगड आला आणि त्याने आठल्यांचे मनगट धरले. आठल्यांनी आभार मानले नाहीत. पलीकडे पोहोचल्यावर त्याने मनगट सोडले आणि तो आपल्या जागी, पुढे निघून गेला.

"एक," केतकी म्हणाली. आवाज साफ नव्हता.

आकडे मागे येत गेले. निर्मला आठ होती. मी म्हणालो, "अकरा."

माझ्यामागून आवाज आला, "बारा."

चढ बरा होता. तिरप्या नजरेने वाटेच्या कडा पाहत ते व्यवस्थित चालत होते. शेवटी असलेल्या माणसाला पाट्या लागत नाहीत. एक वाजता आम्ही एका उंचवट्याखाली होतो. तो चढला की तळे लांबून दिसेल, असे समोरून उतरणाऱ्या एका जोडप्याने सांगितले. दहा मिनिटे. केतकीने घड्याळ पाहिले, मग उंचवट्याकडे, मग मागे आमच्याकडे. मला वाटले, निर्मला आता बोलणार.

"एक वाजला," केतकी म्हणाली.

सर्वांत आधी निर्मला वळली. "चला," ती म्हणाली, "उगाच काय उभे राहता?"

पाच वाजता मागच्या व्हरांड्यात फोडणी झाली. साडेपाचला शेगडी बंद. सहाच्या सुमारास आठल्ये गुळाचा डबा, शेंगदाणे आणि कापलेले कागद घेऊन तिथेच बसले. समोरच्या डोंगरावर ऊन होते. केतकी नकाशा घेऊन आली. तिचा राग गेलेला नव्हता. तो पुढे काही महिने राहिला आणि मग गेला.

"पुड्या मी करते," ती म्हणाली.

"तू उद्याची वेळ काढ. आणि सहा चाळीसला दारं वाजवायची आहेत."

"तुमचं पण?"

"माझं नको. उद्या मी खाली बसणार. बाईंना लाकडं रचायला माणूस हवाय."

ती नकाशा घेऊन आत गेली. मी समोर बसून होतो. त्यांनी बोटांनी गुळाचा खडा चाचपला, सुरीने फोडला, शेंगदाणे मुठीने मोजले, कागद दुमडला. पुड्यांच्या चार-चारच्या तीन ओळी केल्या. मग प्रत्येक पुडीवर बोट ठेवीत शेवटपर्यंत गेले आणि तिथे थांबले.

"बारा झाल्या," ते म्हणाले.

"उद्या अकरा लागतील," मी म्हणालो.

"हो."

त्यांनी शेवटची पुडी उचलली आणि उघडली. आधी गूळ खाल्ला, मग एकेक शेंगदाणा. कागदाच्या चार घड्या करून तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि डब्याचे झाकण घट्ट लावले.